कोंबडचाल

लहानपणी माझ्या अंगी एक कला होती. मी आबाजींची चाल हुबेहूब करून दाखवीत असे. आबाजी म्हणजे माझे आजोबा. टाचा जमिनीला टेकवायच्या नाहीत, चवड्यांवर चालायचे. कोपरे वाकवून दोन्ही हात छातीपाशी धरायचे. पाठ ताठ, मान थोडी पुढे. आणि वळायचे झाले की चटकन वळायचे नाही. जागच्या जागी लहान लहान पावले टाकीत, खांब फिरवावा तसे सगळे अंग एकदम फिरवायचे. आमच्या आळीतल्या पोरांनी या चालीला ‘कोंबडचाल’ असे नाव ठेवले होते. ते नाव माझेच होते की दुसऱ्या कोणाचे, हे आता आठवत नाही. माझे नसावे अशी इच्छा आहे.

दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. २०११ च्या मंडईत आमच्या गावी रात्री दंडार होती आणि तीत दारुड्याचे एक सोंग होते. नेहमीचा सोंगाड्या तापाने पडला, म्हणून मला उभे केले. मी तेव्हा तिसरीत होतो. हातात रिकामी बाटली घेऊन मी दारुडा झालो, पण चाल आबाजींची घेतली. लोकांनी क्षणात ओळखले. बायाबापड्या पदर तोंडाला लावून हसल्या, कोणीतरी माझ्या सदऱ्याला दहा रुपयांची नोट टाचली. आबाजी पुढेच खाटेवर बसले होते. मी मधूनमधून त्यांच्याकडे पाहत होतो. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांचा चेहरा जसा होता तसाच राहिला. मला वाटले, यांना काही कळले नाही.

चेहऱ्याचे स्नायू ताठरले की माणसाला आतून कितीही वाटले तरी ते तोंडावर उमटत नाही, ही गोष्ट मला दहा वर्षांनी समजली. तोपर्यंत आबाजी जाऊन आठ वर्षे झाली होती.

आबाजींची हकिगत मी तुकड्यातुकड्यांनी गोळा केली आहे. थोडी आजीकडून, थोडी बाबांकडून. आमचे गाव तिरोडा तालुक्यात, वैनगंगेपासून दोन कोसांवर. घरी अडीच एकर धानाच्या बांध्या, त्याही पावसाच्या भरवशावर. रोवणीच्या वेळी पाऊस रुसला की वर्ष रुसले. म्हणून आबाजी १९६४ साली, विशीत असताना, बालाघाटकडच्या एका मँगनीजच्या खदानीत कामाला लागले. कोणती खदान, कोणाची, हे येथे लिहीत नाही. माझ्यापाशी पुरावा नाही, आणि ज्यांच्याशी भांडायचे ते मुकादम, बाबू आता कुठे असतील कोण जाणे. तिरोड्याहून पॅसेंजरने गोंदिया, गोंदियाहून छोट्या लाइनच्या गाडीने बालाघाट. (त्या छोट्या लाइनीची आता मोठी लाइन झाली आहे. जुनी माणसे मात्र अजून ‘छोटी गाडी’ म्हणूनच तिची आठवण काढतात.) पंधरा दिवसांनी ते घरी येत. आजी सांगते, आले की आधी न्हाणीत जात, आणि तिसऱ्या बादलीपर्यंत पाणी काळे वाहत असे. नाक शिंकरले की काळे, थुंकले की काळे. आमच्या आत्याला लहानपणी वाटे की आपले बाबा मुळात काळेच आहेत आणि आई त्यांना धुऊन गोरे करते.

त्यांचे काम भोक पाडायचे. खडकात सुरुंग भरण्यासाठी ड्रिलने भोक पाडावे लागते. आरंभी दोनतीन वर्षे ते मदतनीस होते, नंतर ड्रिल स्वतःच्या हाती आला. भोक पाडताना पाणी सोडले तर धूळ ओली होऊन खाली बसते. ही युक्ती तेव्हाही सर्वांना ठाऊक होती. पण आबाजी बाबांना सांगत, नळी असे तेव्हा पाणी नसे, आणि पाणी असे तेव्हा घाई असे. तोंडाला बांधायला त्यांच्यापाशी एक गमछा होता. तो आजीने अजून ठेवला आहे. किती धुतला तरी त्याचा रंग परत आला नाही.

सुमारे एकोणीस वर्षे सगळे ठीक चालले. १९८३ साली आजीचा भाऊ वारला. मौतीला सगळे नातेवाईक जमले होते, तिरडी बांधून झाली होती, आणि आबाजी हसू लागले. मंद नव्हे, मोठ्याने, खो खो हसू लागले. लोकांनी हात धरून त्यांना बाजूला नेले. तेथे ते रडू लागले. आजीच्या माहेरच्यांनी पुढे चार वर्षे आमच्या घरी पाणी घेतले नाही. त्याच वर्षी आबाजी रात्री उठून अंगणात फेऱ्या घालू लागले. एकदा तर काही काम नसताना एस.टी.च्या मागे फाट्यापर्यंत धावत गेले. विचारले तर म्हणाले, “पाय धावले.”

मग पाय धावेनासे झाले. सायकलवर बसता येईना. उताराला लागले की थांबता येत नसे, आणि मागे सरकायला सांगितले की पाठीवर पडत. आवाज बारीक झाला, पुढे पुढे तर कानाजवळ कान नेल्याशिवाय शब्द कळेना. पगाराच्या वहीत ते सही करीत; बाबूने एकदा म्हटले, “अरे, तुझी सही दर महिन्याला लहान होत चालली आहे, पुढच्या वर्षी भिंग आणावे लागेल.” सगळे हसले. बाबूची थट्टा वाईट हेतूची नसावी. पण त्या वहीची पाने एकापुढे एक ठेवून एखाद्या डॉक्टरने पाहिली असती, तर त्याला तिथेच रोग ओळखता आला असता.

आता असा माणूस आपल्या भागात दिसला, तर आपण काय म्हणू? तोल जातो, जीभ जड, भलत्या वेळी हसतो, भलत्या वेळी रडतो. मोहाच्या झाडाखाली जन्मलेल्या आम्हा लोकांना याचे एकच उत्तर ठाऊक आहे. मुकादमाने लिहून दिले की हा नशेत कामावर येतो. १९८५ साली त्यांना कामावरून कमी केले. हिशेबाचे जे थोडे पैसे मिळाले ते घेऊन ते शेवटचे त्या छोट्या गाडीने परत आले. बाबा तेव्हा तेरा वर्षांचे होते, सातवीत. त्यांची शाळा तेथे संपली. पुढे ते गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये हमालीला लागले आणि आजही मिलमध्येच आहेत.

गावाने आबाजींना दारुडा ठरविले ते ठरविलेच. घरानेही तेच ठरविले, हे मला लिहायला जड जाते. आजी पैसे तांदळाच्या कोठीत लपवू लागली. बाजाराला गेले तर मागे कोणालातरी पाठवी. आबाजी टपरीवर बसून चहा पीत, निरोप्या येऊन सांगे, “चहाच पेत होते.” आजी म्हणे, त्यात मिसळत असेल. शेवटी तिने त्यांना गावच्या भजनी मंडळासमोर उभे केले आणि दारू सोडल्याची शपथ घ्यायला लावली. त्यांनी घेतली. त्यानंतरही चाल सुधारली नाही, तेव्हा शपथ मोडली असेही लोकांनी ठरविले.

१९९१ साली बाबांनी त्यांना एकदा नागपूरला नेले. एका मोठ्या इस्पितळात दोन दिवस गेले. डॉक्टरांनी बरेच काही विचारले, ‘काम काय करत होते’ हेही विचारले, आणि एक चिठ्ठी लिहून दिली. गोळ्या दिल्या, त्यांनी फार फरक पडणार नाही असेही सांगितले. पडलाही नाही. महिनाभराने गोळ्या संपल्या, पैसेही संपले. चिठ्ठी पेटीत गेली. त्यानंतर आबाजी बावीस वर्षे जगले आणि २०१३ साली गेले.

दुसऱ्या वर्षाला आपणा सर्वांना पर्यावरणाचा प्रकल्प करावा लागतो. बहुतेक जण ‘प्लॅस्टिकचे दुष्परिणाम’ घेतात, कारण त्याचा मागच्या वर्षीचा प्रकल्प कोणाकडे ना कोणाकडे तयार असतो. मीही तोच घेणार होतो. पण भूगोलाच्या सरांनी वर्गात मँगनीजचा पट्टा शिकविला. नागपूर-भंडाऱ्यापासून बालाघाट-छिंदवाड्यापर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर लांबीचा हा पट्टा. आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघाला खरा, पण घरोघरची माणसे त्या पट्ट्यात राबलेली. सरांनी सांगितले की विसाव्या शतकाच्या आरंभापासून येथून परदेशी खनिज जाऊ लागले. या पट्ट्यात मँगनीजबरोबर एक खडक सापडतो, त्याला ‘गोंडाइट’ म्हणतात. फर्मर नावाच्या इंग्रज भूवैज्ञानिकाने १९०९ साली मँगनीजवर एक प्रचंड ग्रंथ लिहिला; त्यानेच या खडकाला येथल्या गोंड लोकांवरून हे नाव दिले. मला त्या वेळी अभिमान वाटला. आता वाटते, ज्यांचे नाव खडकाला मिळाले त्यांची नावे मजुरांच्या हजेरीपटाबाहेर कुठे लिहिली गेली असतील?

सरांना मी सांगितले, माझे आजोबा मँगनीजच्या खदानीत होते. सर म्हणाले, मग तूच मँगनीज घे. घरी काही कागदपत्र आहे का पाहा.

म्हणून मी पेटी उघडली. खदानीचा एकही कागद निघाला नाही. निघाली ती १९९१ ची चिठ्ठी. घडीवर फाटलेली, डॉक्टरी इंग्रजीत. एक लांब शब्द मी कसाबसा लावला: ‘पार्किन्सनिझम’. त्याच्यापुढे कंसात एक प्रश्नचिन्ह आणि दोन अक्षरे होती, एम आणि एन. मी कला शाखेचा विद्यार्थी. मला वाटले, डॉक्टरांच्या नावाची आद्याक्षरे असतील. धाकटी बहीण तेव्हा अकरावीत विज्ञान शाखेला होती. तिने खांद्यावरून डोकावून पाहिले आणि म्हणाली, “दादा, हे मँगनीजचे चिन्ह आहे. अणुक्रमांक पंचवीस.”

म्हणजे तीस वर्षे ते उत्तर आमच्या घरात होते. पेटीत, आजीच्या लग्नाच्या शालूखाली. घरात वाचणारा कोणी नव्हता, एवढेच.

मग मी वाचत सुटलो. आमच्या ग्रंथपालांनी मदत केली, इंटरनेटवरही पुष्कळ मिळाले. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने १८१७ साली कंपवाताचे वर्णन केले, त्याच्या नावाने तो रोग ओळखला जातो. त्यानंतर वीस वर्षांनी, १८३७ साली, ग्लासगोच्या जॉन कूपर नावाच्या डॉक्टरने मँगनीजची भुकटी करणाऱ्या मजुरांविषयी लिहिले. कपडे पांढरे करण्याची भुकटी बनवायला तेव्हा मँगनीजचा काळा ऑक्साइड लागे. (हाच काळा ऑक्साइड टॉर्चच्या जुन्या सेलमध्ये असतो, लहानपणी सेल फोडून आपण त्याने हात काळे केले आहेत.) त्या मजुरांचे पाय दुबळे झाले, ते पुढे झुकून अडखळत चालू लागले, आवाज कुजबुजीसारखा झाला. पण कंपवाताच्या रोग्यासारखा त्यांना कंप नव्हता. आबाजींचे हातही थरथरत नसत. हे मी वाचले तेव्हा वाचनालयात बसलो होतो. पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर जाऊन आलो.

दक्षिण अमेरिकेत चिली म्हणून देश आहे. तेथल्या मँगनीजच्या खाणींत रोगाचा आरंभ अशा वेडाचाराने होतो की खाणकाम्यांनीच त्याला ‘मँगनीजचे वेड’ असे नाव दिले. कारण नसता हसणे, कारण नसता रडणे, धावत सुटणे, झोप न येणे. काही महिन्यांनी ते ओसरते आणि मग अंग ताठ होऊ लागते. आबाजी मेहुण्याच्या तिरडीजवळ हसले, तेव्हा दुनियेच्या दुसऱ्या टोकाला त्या हसण्याला नाव होते. कोट्झियास नावाच्या शास्त्रज्ञाने त्याच चिलीच्या खाणकाम्यांचा अभ्यास केला. मँगनीजच्या रोगाचा विचार करता करताच तो कंपवाताकडे वळला आणि १९६७ साली त्याने दाखवून दिले की एल-डोपा हे औषध मोठ्या मात्रेत दिले तर कंपवाताचे रोगी चालू लागतात. आज जगभर लाखो लोक ते औषध घेतात. पण मँगनीजने ज्यांचा मेंदू बिघडला त्यांना त्याचा बहुधा फारसा गुण येत नाही, आला तरी टिकत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या देतानाच तसे का सांगितले, हे मला तेव्हा कळले.

रोग होतो कसा, हेही थोडक्यात सांगतो. मँगनीज हे मुळात विष नव्हे. शरीराला ते थोडे लागतेच, आणि ते आपल्या रोजच्या भातात आहे, चहात आहे, पालेभाजीत आहे. पोटावाटे जे जास्त जाते ते यकृत पित्तातून बाहेर टाकते. पण श्वासाबरोबर गेलेली बारीक धूळ किंवा धूर थेट रक्तात उतरतो. तेथून मँगनीज मेंदूत जाते आणि मेंदूच्या तळाशी, आपल्या हालचालींना वळण लावणाऱ्या ज्या गाठी आहेत, त्यांत साठत राहते. काम सोडल्यावर ते हळूहळू निघूनही जाते. यंत्राने काढलेल्या मेंदूच्या चित्रात दिसणारी त्याची खूण काही महिन्यांत पुसट होते. झालेली हानी मात्र राहते. सगळ्यांनाच हा रोग होत नाही. एकाच ठिकाणी दहा माणसे वीस वर्षे राबतात आणि एकाला होतो. बाकीचे नऊ मग त्या एकाला दारुडा म्हणायला मोकळे.

आणि या रोगाच्या वर्णनात, इंग्रजी वैद्यकाच्या पुस्तकात, मला एक जोडशब्द भेटला. रोगी चवड्यांवर, कोपरे वाकवून, ताठ पाठीने चालतो. या चालीला डॉक्टर लोक जे म्हणतात त्याचे मराठी सरळ ‘कोंबडचाल’ असेच होते. आमच्या आळीतल्या शेंबड्या पोरांनी जे नाव ठेवले, तेच पुस्तकातले नाव. डॉक्टरांनी ते निदानासाठी ठेवले, आम्ही खिदळण्यासाठी.

कायदाही मी पाहिला, म्हणजे राज्यशास्त्राच्या मॅडमनी दाखविला. १९५२ च्या खाण कायद्यात २५ वे कलम होते. सरकारने ठरवून दिलेला रोग खाणीत कोणाला झाला, तर मालकाने कळवायचे; आणि खाणीत काम करणारा किंवा पूर्वी केलेला माणूस तपासताना डॉक्टरला असा रोग आहे असे वाटले, तर त्यानेही खाणींच्या मुख्य निरीक्षकाला कळवायचे. त्या रोगांच्या यादीत मँगनीजची विषबाधा स्पष्ट लिहिलेली होती. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यातही ती धंद्यातल्या रोगांत होती. म्हणजे आबाजी कामाला लागण्याच्या आधीच कायदा तयार होता. त्यांच्या रोगाला कायद्यात जागा होती. फक्त तेथपर्यंत ते पोचले नाहीत. मुकादमाने ‘नशा’ लिहिले आणि डॉक्टरने प्रश्नचिन्ह काढले. त्या प्रश्नचिन्हाचे पुढे कोणी काय केले, याची आमच्या घरी काहीही खबर आली नाही.

येथे एक कबुली दिली पाहिजे. आबाजींना मँगनीजच बाधले, हे मी सिद्ध करू शकत नाही. त्यांच्या मेंदूचे चित्र कोणी काढले नाही, रक्त तपासले नाही. साधा कंपवातही असू शकेल. पण एकवीस वर्षे ड्रिल, कोरडी धूळ, ते हसणे, ती चाल, पाठीवर पडणे, कंप नसणे, गोळ्यांचा गुण न येणे हे सगळे एकत्र पाहिले की मला तरी दुसरे काही सुचत नाही. आणि दारू नव्हती, एवढे तर नक्कीच. दारूने कोणाची सही दोन वर्षे क्रमाक्रमाने लहान होत नाही.

हे सारे वाचून झाल्यावर प्रकल्प लिहिला, गुण मिळाले, आणि गोष्ट तेथेच संपली असती. पण एका पुस्तकात वेल्डिंगचे प्रकरण होते.

माझा मोठा भाऊ गोंदियात एका वेल्डिंगच्या दुकानात कामाला आहे. राइस मिलची चाळणी, एलिव्हेटरचे डबे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, लोखंडी फाटके, असे काय पडेल ते. दुकान पत्र्याच्या शेडमध्ये, मागची बाजू बंद, आणि शेजारी तक्रार करतात म्हणून पुढचे शटरही अर्धे खाली. डोळ्यांना काळी काच, नाकाला काही नाही. आता, जगातले दहांतले नऊ भाग मँगनीज पोलाद करण्यातच खपते. वेल्डिंगच्या रॉडवर जो लेप असतो त्यातही मँगनीज घालतात, आणि जेसीबीच्या बादलीचे झिजलेले दात भरायला जे कठीण रॉड वापरतात त्यांतल्या काहींत तर ते फारच जास्त असते. रॉड जळतो तेव्हा ते धुरात येते. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक ठरविला, ते वेगळेच. आमच्या घरी तिसऱ्या पिढीत हा धातू पुन्हा आला होता. खदानीतून नव्हे, पाकिटातून.

मी भाऊच्या दुकानात गेलो, त्याला रॉडचे पाकीट वाचून दाखविले. तो हसला. “अरे, आम्ही रोज संध्याकाळी गूळ खातो. मालक देतो. गुळाने धूर साफ होतो.” मी म्हटले, गुळाने घसा गोड होतो, मेंदूपर्यंत तो जात नाही. भाऊ म्हणाला, “तू बी.ए. कर.” दुकानातले बाकीचे दोघेही हसले. मग मी जरा चिडून आबाजींचे नाव काढले. भाऊ गप्प झाला आणि म्हणाला, “त्यांचे दारूमुळे झाले होते.”

त्या रात्री मी आजीला सगळे सांगायचे ठरविले. खरे तर मी दोन महिने टाळत होतो. सत्तरी ओलांडलेल्या बाईला, ज्याच्याशी सारा जन्म काढला त्याच्याविषयी असे काही सांगावे की नाही, मला कळत नव्हते. पैसे तिने लपविले होते, शपथ तिने घ्यायला लावली होती. तिला न सांगण्यात दया आहे असे मी स्वतःला समजावीत होतो. पण दया कोणावर, तिच्यावर की माझ्यावर? मंडईचा दारुडा मीच होतो.

आजी सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी चिठ्ठी समोर ठेवली आणि जमेल तसे सांगितले. धूळ, मेंदू, चिलीचे खाणकामे, हसणे. ती ऐकत राहिली. मध्येच विचारले, “म्हन्जे पेत नोहता?”

“नाही आजी.”

“तो सांगे माला. पेत नाई म्हने. मीनं कानावरच घेतलं नाई.” तिने सुपातला एक खडा काढून अंगणात फेकला. बऱ्याच वेळाने म्हणाली, “सपत घेतली तवा त्याला बोलता येत नोहतं. भजनवाले बोलले, तो मान हालवत गेला. लोकायनं टाळ्या वाजवल्या.”

मी म्हटले, मंडईत मी त्यांची चाल केली होती. ती म्हणाली, “मी बी हासली होती.” याच्यापुढे आम्ही दोघे काही बोललो नाही. मग तिने एकदम विचारले, “हे भाऊला सांगितलास का?”

मी सांगितले की सांगितले, आणि तो हसला.

पुढच्या मंगळवारी आजी माझ्याबरोबर गोंदियाला आली. डोळे दाखवायचे आहेत असे तिने बाबांना सांगितले होते. आम्ही थेट दुकानात गेलो. भाऊ शेडच्या आत बसून ट्रॉलीचा पाट जोडत होता. आत इतका धूर होता की बल्ब पिवळा दिसत होता. आजीने तेथले एक रिकामे पिंप उपडे केले आणि त्यावर बसली. मालक आले, “आजी, डोरे खराब होतील, बाहेर बसा.” आजी म्हणाली, “पोराला बाहेर बसव, मंग मी बसतो.” त्यांना वाटले थट्टा आहे. तासभर गेला. तिने चहा घेतला नाही, गूळही घेतला नाही. मधून मधून खोकत होती, त्यातला थोडा खोकला मुद्दाम होता असा मला संशय आहे. गिऱ्हाइके येऊन विचारू लागली, ही बाई कोण. शेवटी मालकांनीच दोन पोरांना हाक मारली आणि चौघांनी मिळून कामाचा टेबल शेडबाहेर कडुलिंबाखाली आणला.

टेबल अजून तेथेच आहे. भाऊची कुरकूर चालू असते, की उन्हात काळ्या काचेतून काम नीट दिसत नाही आणि वारा आला की जोड बिघडतो. मीही वाचून सांगितले आहे की वाऱ्याला पाठ करून बसायचे नाही, धूर बाजूला जाईल असे आडवे बसायचे. तेवढे मात्र तो करतो. मालकांनी गोंदियाच्या बाजारात मास्कची चौकशी केली, कापडाचे मिळाले. ते उपयोगाचे नाहीत, बारीक धूर अडविणारे वेगळे असतात आणि महागही असतात, असे मी त्यांना सांगितले आहे. पाहू म्हणाले. पावसाळा लागला की टेबल पुन्हा आत घ्यावा लागेल. मागच्या पत्र्याला खिडकी पाडून पंखा बसवायला किती खर्च येईल, हे भाऊ त्यांना विचारणार आहे. आजी दर बाजाराच्या दिवशी मला विचारते, विचारला का?

अजून विचारलेला नाही.